धाबेकर सरांची हाडांची खोली

भीतीचे किस्से लोकांना शोधावे लागतात; आमच्या पुलगावच्या शाळेत ते आपोआप साठत. कारण धाबेकर सर! एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. सर जीवशास्त्र शिकवायचे. मेलेलं जनावर दिसलं की त्याचा सांगाडा करून खोलीत मांडायचे. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवी.

एकदा ड्रॉइंगचे मोहोड मास्तर अजगराच्या सांगाड्याचं चित्र काढत बसले होते. तेवढ्यात गावाजवळच्या दारूगोळ्याच्या डेपोकडून धमाका ऐकू आला. खिडक्या हादरल्या आणि अजगराच्या बरगड्या मानेपासून शेपटीपर्यंत सळसळत गेल्या. मास्तर टेबलावर!

"सर, हा चालून राह्यला!"

"बरगड्यांच्याच जोरावर चालतो तो," सर म्हणाले.

"पण मेल्यावर काऊन चालते?"

शिपाई गोमाजीची वेगळीच गत. सरांनी नुकताच मारलेला बेडूक सोलून ठेवला होता. खराब होऊ नये म्हणून गोमाजीनं त्यावर मीठ टाकलं. लगेच मागचे पाय झटके मारायला लागले, पाण्यात असल्यासारखे! "मेलेला बेडूक पोहून राह्यला!" ओरडत गोमाजी थेट नाचणगावला, घरी. त्यानंतर जेवताना त्यानं वरून मीठ घेतलं नाही.

एका प्रसंगाला मात्र कुणी हसलं नाही. आंजी गावची एक बाई गाठोडं घेऊन आली. नदीकाठी सापडलेला हाताचा सांगाडा. तिचा नवरा बेपत्ता होता. सरांनी हाडं जुळवली. बोटं लांब, अंगठा अगदी आखूड.

"बाई, हा वानराचा हात आहे. फांदीला लटकायचा."

ती म्हणाली, "मंग माहा माणूस कुठी हाय?"

तो पुढं नागपूरहून धडधाकट परतला. पण सरांनी पुन्हा कुणाचं गाठोडं एकट्यानं सोडलं नाही.

आणि तो रविवार! सर, मोहोड मास्तर आणि मी वर्धा नदीवर गेलो. काठावर मगरीचा सांगाडा सापडला. सर त्याचे मणके धुवायला कमरेइतक्या पाण्यात उतरले.

"बघा, पोहताना मगर पाय अंगाला चिकटवते. सगळा जोर शेपटीचा!"

त्यांच्या मागं एक ओंडका होता. तो प्रवाहाच्या उलट येत होता.

"सर," मोहोड मास्तर हळूच म्हणाले, "हलू नका."

ती मगर सरांपासून हातभर अंतरावरून गेली. पाण्यावर साधी लाट नाही. वर फक्त डोळे. पुढच्या डोहात तिनं बुडी मारली, तेव्हा सर कुजबुजले, "पाहिलंत? पाय हलवलेच नाहीत तिनं!"

"पाहिलं सर! आता तुमचे हलवा!"

"हलत नाहीत हो!"