झोपलेल्या माणसाची सही

“सिस्टरबाई, मी झोपलो का नाई हे पाहाले मले कावून उठवून राहिल्या तुमी?”

गुलाबराव खाटेवर उठून बसले होते. दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा, हातात माझे पेन. त्यांनी फॉर्मवर सही केली, मग मी पारा चढवला. एकशे ऐंशी. त्या रात्री तिसऱ्यांदा.

गेल्या हंगामातली ही गोष्ट. गुलाबराव अकोल्यातल्या एका कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत बॉयलर सांभाळत. तपासणीत प्रेशर जास्त निघाले. मॅनेजरने बजावले, फिटनेस सर्टिफिकेट आणा, नाहीतर घरी बसा.

डॉक्टर दिसला की काहींचे प्रेशर भीतीनेच चढते. झोपेत ते उतरते का, हे पाहायला आमच्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना वॉर्डात ठेवून रात्रीची रीडिंग मागवली. पट्टा रात्रभर दंडावर, दर दोन तासांनी मोजणी. अट एकच, माणूस झोपलेला हवा.

आणि आमच्या फॉर्मवर कॉलम होता, ‘रुग्णाची सही’! पूर्वी कुणीतरी भलत्यालाच खाटेवर निजवून सर्टिफिकेट नेले होते. तेव्हापासून नियम: आधी सही, मग पारा. म्हणजे झोपेचा पुरावा द्यायला माणसाला जागे करायचे. नियम करणारे घरी घोरत होते आणि इथे एका कामगाराची नोकरी जात होती. तीन वेळा मीही हे मुकाट्याने केले, याची मला लाज वाटते.

सकाळी मेट्रनकडे गेले.

“सही नसली तर फॉर्म परत येतो,” त्या म्हणाल्या.

“सही असली तर माणूस जागा असतो.”

“हा वॉर्ड आहे, सभा नाही. संध्याकाळीच साऱ्या सह्या घेऊन टाक.”

“ते खोटे होईल. आजची रात्र मला द्या. सही मी करीन.”

त्या फाइल उचलून राउंडला निघाल्या. मी ती परवानगी समजले.

गुलाबराव उजव्या कुशीवर झोपत, म्हणून पट्टा डाव्या दंडाला बांधला, आत बोट जाईल इतका सैल. नळी खांद्यावरून उशीमागे नेली. हाताखाली चादरीची घडी. पट्टा आवळला की दचकू नये म्हणून दुपारीच चारदा फुगवून दाखवला.

“हे त आमच्या बॉयलरचंच काम हाय,” ते हसले. “फक्त फुटू देऊ नका!”

रात्री टॉर्चवर रुमाल बांधला. स्टेथोस्कोप तळहातात गरम करून कोपराशी लावला. एकशे चाळीस. पुढे एकशे तीस. गुलाबराव घोरत होते.

सकाळी डॉक्टर कडाडले, “सह्या कुठे आहेत?”

“रुग्ण झोपला होता, सर.”

“तोच होता कशावरून?”

“मी रात्रभर खाटेशी होते. प्रत्येक ओळीपुढे माझी सही आहे.”

त्यांनी आकडे दोनदा वाचले आणि सर्टिफिकेट लिहिले: कामास योग्य, दरमहा तपासणी. गुलाबराव त्याच दिवशीच्या पाळीला बॉयलरवर गेले. मला दुपारी नियमभंगाचा मेमो मिळाला. फॉर्म अजून तोच छापतात.

नव्या सिस्टरांना मी एवढेच सांगते, रुग्ण घोरत असेल तर रीडिंग बरोबर आहे. मेमो आला तर घ्यावा, त्याने आपले प्रेशर वाढू देऊ नये.