दादाला सिनेमातलं कळायचं

आज दारव्ह्याला पंक्चरवाल्यानं कुलूपबंद पेटीतून सोल्यूशनची ट्यूब काढली. "ताई, नशेसाठी हुंगते लोकं हे," तो म्हणाला. त्या वासासरशी जुनी टॉकीज आठवली.

प्रेमभंगानं नशेत बुडालेला नायक पाहून अख्खी टॉकीज रडत होती. पेपरांनीही त्याच्या अभिनयाची वाहवा केली होती. शेजारी बसलेला दादा मात्र हसला.

"कायले रडून राह्यली? खोटं आहे सारं. नशेत माणूस असा बोंबलत नाही. गुमान बसते."

डोळे पुसायला मी त्याचा रुमाल ओढला, तर त्यानं तो झटकन हिसकावून घेतला.

दादाला सिनेमातलं फार कळतं, असं मी मैत्रिणींना कौतुकानं सांगत फिरले. आता मात्र शंका पिच्छा सोडत नाही. त्या रुमालाला हाच वास होता, आणि आमच्या घरी तेव्हा सायकलसुद्धा नव्हती.