'किंवा ती'

नॉटिंगहॅममधल्या पत्तेवाल्या मंडळींत बेव्हर्ली स्टॅनिफोर्थला सगळे बेव्ह म्हणत. हे पत्ते राजा-राणीचे नव्हेत. राक्षस, शाप, तलवारी यांचे. पाकिटं विकत घेऊन आपली पत्त्यांची गड्डी जमवायची आणि समोरच्याला लोळवायचं. पत्त्याचा नियम पत्त्यावरच छापलेला असतो.

तरुणपणी ती एका दुकानाच्या तळघरात खेळायला जायची. तिथे बाई म्हणून ती एकटीच. एकदा नॉर्मन नावाच्या गड्याने तिच्यावर पत्ता टाकला आणि मोठ्याने वाचला, "'प्रतिस्पर्ध्याने त्याच्या हातातला पत्ता टाकावा.' हात्तिच्या! 'त्याच्या' लिहिलंय. हिला लागूच नाही! बेव्ह, तू आपली चहा टाक जा."

तळघर खदखदून हसलं. मग दर शनिवारी तोच विनोद, तेच हसू. बेव्हही हसायची आणि घरी जाताना बसमध्ये दातओठ खायची.

पुढे ती शहरातल्याच एका पत्ते छापणाऱ्या कंपनीत नियमांची वाक्यं लिहायला लागली. मालक ग्रॅहम पेनफोल्डशी तिची वर्षानुवर्षं हुज्जत चालली.

"अगं, 'तो'मध्ये तुम्ही बायका आल्याच की!"

"तळघरात नव्हतो आलो, ग्रॅहम."

"त्या दोन शब्दांना जागा किती लागते, ठाऊक आहे?"

"चित्रातल्या राक्षसाची शेपटी आखूड कर."

शेवटी तो थकला. पत्त्यांवर 'तो किंवा ती' छापून आलं. त्या दिवशी बेव्ह आईच्या कबरीपाशी जाऊन आली. आईला पत्त्यांतलं ओ की ठो कळत नसे, पण सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

रोवन मात्र तोही नव्हते आणि तीही नव्हते. नवे पत्ते खेळून तपासायला ते कंपनीत यायचे; तिशीचं, अबोल माणूस. त्यांना सगळे 'ते' म्हणत. इंग्रजीत अनेकांसाठीचा तो शब्द एकालाही चालतो. बेव्हच्या शेजारी बसून रोवन डबा खायचे, आणि बेव्हला ते पोटच्या पोरासारखे वाटायचे. "'किंवा ती'मध्ये मी कुठे बसू, बेव्ह?" असं त्यांनी एकदा हसत विचारलं होतं. बेव्ह म्हणाली, "बघू हं, बाळा," आणि तिने विषय बदलला. एवढ्या कष्टाने मिळवलेला शब्द तिला सोडवत नव्हता.

मग शेजारच्या डर्बी शहरातल्या पत्त्यांच्या स्पर्धेत रोवन शेवटच्या फेरीत पोचले. समोरच्या पोराने भरल्या सभागृहात पत्ता वाचला, "'तो किंवा ती.' यातलं तू कोण ते आधी ठरव, नाहीतर पत्ता चालायचा नाही!" पंच हसला. मग लोक हसले. रोवननी हातातले पत्ते पालथे ठेवले आणि ते उठून गेले. बेव्ह मागच्या रांगेत होती. ती धावली, पण गर्दीतून वाट काढेपर्यंत रस्ता रिकामा झाला होता.

रोवन पुन्हा कंपनीत आले नाहीत. फोनही उचलेनात.

बेव्ह ग्रॅहमसमोर जाऊन उभी राहिली. "'किंवा ती' काढ. सगळीकडे 'ते' घाल."

ग्रॅहमने क्षणभरही विचार केला नाही. "झकास! दर पत्त्यामागे अर्धी ओळ वाचते."

तिने लढायची तयारी केली होती, आणि लढाईच झाली नाही. हिवाळाभर ती संगणकावर पत्त्यामागून पत्ता उघडून आपल्याच हाताने आपला शब्द पुसत बसली. काम संपलं तेव्हा ग्रॅहमने तिला बोलावलं. "वाक्यं आता सोपी झालीत, बेव्ह. वेगळं माणूस ठेवणं परवडत नाही."

त्याच आठवड्यात ती रोवनच्या घरी गेली. साखळी न काढता दार बोटभर उघडलं. आतून कोंदट वास आला.

"बदललं बघ. सगळ्या पत्त्यांवर. आता कुणी..."

"मी पत्ते विकून टाकले, बेव्ह."

"मी तेव्हाच ऐकायला हवं होतं. तू विचारलंस तेव्हाच."

"हो," रोवन म्हणाले. आवाजात राग नव्हता. तो असता तर बेव्हला बरं वाटलं असतं.

"पुन्हा येऊ का?"

"नको."

दार लागलं. बेव्ह जिन्यातच खाली बसली. वरच्या मजल्यावरची एक बाई पिशव्या घेऊन आली, "सरका जरा," म्हणाली, आणि बेव्ह भिंतीला चिकटली.