आधी पाय दाखवा

बेल्याच्या आठवडी बाजारात नेहमीच्या भाजीवालीकडून भाजी घ्यायची म्हणजे आधी पाय दाखवायचा. बँकेत दिवसभर बसून माझे घोटे सुजतात, हे मी एकदा चुकून तिच्यापाशी बोलून गेले. तेव्हापासून वांगी तोलायच्या आधी ती भर बाजारात माझी साडी जरा वर सारते आणि घोट्यावर अंगठा दाबून पाहते. मागची गिऱ्हाइकंही वाकून बघतात.

"मिठाच्या कोमट पान्यात पाय ठेवून राह्यल्या का तुमी? झोपताना पायाखाली उशी घेता ना?"

घेते म्हटलं तरी सुटका नाही. "मंग सूज काऊन हाय?" जणू ती मीच आणून ठेवली आहे. वर न मागता सूज उतरवणाऱ्या गलिजेरूच्या पाल्याची जुडी पिशवीत पडते.

गेल्या बाजारी तिच्या अंगठ्याने घोट्यावर पडलेला खळगा भरून येईना. तिने दुसरा पाय दाबून पाहिला.

"आता कोणता पाला?" मी वैतागून विचारलं.

तिने ऐन गर्दीत भाजीवर गोणपाट टाकलं आणि माझा हात धरला. "पाला नाई. दवाखान्यात चाला."

ऑटोत शेवटी मीच विचारलं, "आज मिठाचं पाणी करू ना?"

तिने पुढे वाकून ऑटोवाल्याला घाई करायला सांगितलं. हात मात्र तिने सोडला नाही.