फ्रिजात गारठलेला पेशीद्रव

शास्त्राच्या बाईंना मुलं पाठीमागं ‘पेशीद्रवबाई’ म्हणायची. पेशीचं चित्र काढताना मुलं मधलं केंद्रक तेवढं रंगवत आणि भोवतीची जागा कोरी सोडत. मग बाईंचं डोकं फिरायचं. “अरे, ती रिकामी जागा नाही! पेशीचा सगळा संसार त्या पेशीद्रवात चालतो!”

आज मोठ्या बाई वर्गात आल्या होत्या. शाळेतला एकुलता एक सूक्ष्मदर्शक नुसता धूळ खातो, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. तसं असेल तर तो दुसऱ्या शाळेला जाणार होता. पेशीद्रव वाहताना दाखवायला बाईंनी पाणवनस्पतीचं पान भिंगाखाली ठेवलं, पण आतले हिरवे कण ढिम्म हलेनात.

“वाहतोय कुठं, बाई? सगळं जागच्या जागी आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या.

बाईंनी पुन्हा भिंगातून पाहिलं. मग त्यांनी कपाळावर हात मारला. त्या वनस्पतीची डहाळी ताजी राहावी म्हणून त्यांनीच ती भाजीसारखी फ्रिजात ठेवली होती! गारठ्यानं पेशीद्रव वाहायचा थांबला होता.

त्यांनी काचपट्टी तळहातावर घेतली आणि अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखी ऊब देत राहिल्या. मुलं खुदखुदली.

“हसा मेल्यांनो! थंडीत तुमचे तरी हातपाय चालतात का?”

काचपट्टी पुन्हा भिंगाखाली गेली. मोठ्या बाई वाकल्या, त्या वाकूनच राहिल्या.

“अगं बाई, निघाले की! पेशीच्या भिंतीकडेनं चाललेत.”

“ते चालत नाहीत. पेशीद्रव त्यांना वाहून नेतोय.”

“राहू दे हे यंत्र इथंच,” मोठ्या बाई डोळा न उचलता म्हणाल्या.

“मग आता उठा की,” बाई म्हणाल्या, “पोरं खोळंबलीत.”