हुंबाड म्हणू नये

शेजारच्या काकीमुळे मी आज जिवंत आहे, हे आधी सांगते, बाकीचं मागून. आता मी घरापासून लई दूर, तमिळ मुलखातल्या सूतगिरणीत आहे. काकी अजून गोंडपिपरीकडच्या आमच्या गावातच, आणि मे लागला की जंगलात.

मी आठवीतून शाळा सोडली त्या उन्हाळ्यात काकी मला तेंदूपत्त्याला, म्हणजे विडीची पानं तोडायला, नेऊ लागली. आमच्याकडे जंगलात वाघाचं नाव घेत नाहीत. घेतलं की तो ऐकतो, येतो. जुन्या बाया नुसतं 'मोठा' म्हणत. मी गमतीत एक शब्द काढला: हुंबाड. अर्थ काही नाही, तोंडात आला तो. बाया हसल्या. एक म्हणाली, "शाळा सोडून हेच शिकली का वो?" मला चेव आला. सरडा दिसला, हुंबाड. माकड दिसलं, हुंबाड.

काकी तेवढी हसली नाही. "नाव ठेवलं ना तू? मंग त्यालेच म्हन. दुसऱ्या कोनाले नोको."

चार-पाच दिवसांनी मी झुडपापाशी वाकून पानं तोडत होते. वाकलेल्या माणसाला तो जनावर समजतो आणि पळणाऱ्याच्या मागे लागतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मागून काकीचा आवाज आला. ओरडली नाही. मीठ मागावं तशी हळू म्हणाली, "हुंबाड."

'वाघ' ऐकलं असतं तर मी पळालेच असते. पण माझाच शब्द दुसऱ्याच्या तोंडून, न हसता आला, आणि माझे पाय जागीच रुतले. मी हळूहळू सरळ झाले. समोरच्या झुडपाआड दोन कान होते. ते हलत नव्हते. काकी येऊन माझ्यापुढे उभी राहिली, मागे हात करून माझं मनगट धरलं, आणि आम्ही उलट्या पावली बायांपर्यंत आलो. पानं तिथेच राहिली.

तेव्हापासून तो शब्द माझा राहिला नाही. मला कधी न पाहिलेल्या पलीकडच्या गावातल्या बाया तो बोलू लागल्या. एका लहान पोरीनं तर मलाच समजावलं, "हुंबाड तिकडं राह्यते, जाऊ नोको."

परवा फोनवर मी सहज विचारलं, "काकी, हुंबाड दिसला का औंदा?"

पलीकडून दबका आवाज, "चूप! नाव काऊन घेते त्याचं? सकाळी मले जंगलात जायचं हाय."

तलावाच्या काठी तीन दिवस झाले पंजे उमटतात म्हणे. जंगलात आता तो शब्द कोणी काढत नाही.

"मंग काय म्हनता?"

"काईच नाई. 'मोठा' बी त्याले समजते. शब्दच नाई आता."

तेव्हापासून मशीनवर माझं लक्ष लागत नाही. उद्या काकी वाकलेली असेल आणि मागच्या बाईला तो दिसला, तर ती बाई काय म्हणेल? मी नवा शब्द शोधते. एकही बरा वाटत नाही. आणि फोनवर कसा सांगू? तिथे उभं राहून म्हणणारं कोणी पाहिजे.

म्हणून शब्द देते, काकी. सुट्टी मिळो न मिळो, एका हंगामाला मी येईन. तू वाक, पानं तोड. मी तुझ्या पाठीमागे उभी राहीन.