अभिरूप न्यायालयातली फिर्यादी

"फिर्यादी तू हो. तुला अभिनय करावाच लागणार नाही."

मॅडम हसत म्हणाल्या. सगळ्यांसमोर.

रेवदंड्याजवळच्या रिसॉर्टवर उन्हाळी शिबिर होतं. सकाळी खोटं कोर्ट, दुपारी खोटा संयुक्त राष्ट्रसंघ. मुलं मुंबई-पुण्याची. बोर्लीकडची मी एकटी, निबंधावर निवडलेली. बौद्धवाडीतली. विहारात दर जयंतीला भाषण करणारी. मला वकील व्हायचं होतं. घरून मी बाजू मांडायची तयारी करून गेले होते.

खटला गावजेवणाचा. एका बाईला पंगतीतून उठवून गोठ्याजवळ बसवलं, तिने फिर्याद केली. ती बाई मी. काळे कोट बाकीच्यांना.

उलटतपासणीला एक मुलगा उभा राहिला. सफाईदार बोलणारा.

"जेवण मिळालं?"

"मिळालं."

"पोटभर?"

'आठवत नाही' असं उत्तर मला कागदावर लिहून दिलं होतं. साक्षीदाराने कागद सोडायचा नाही, असा तिथला नियम. पण मला आई दिसली. मी लहान असताना एका लग्नात तिला असंच उठवलं होतं. मी भुकेने रडत होते, म्हणून ती गोठ्यापाशी बसून मुकाट जेवली. मलाही भरवलं. माझ्या तोंडून तीच बोलली.

"व्हय, जेवले. पोर भुकेली व्हती."

"मग अपमान कुठे झाला?"

हशा पिकला. माझ्या बोलण्याला हसले की त्याच्या प्रश्नाला, कळलं नाही. मला रडू फुटलं. मग टाळ्या. न्यायाधीश झालेले सर म्हणाले, "वा! किती नैसर्गिक." संध्याकाळी उत्कृष्ट साक्षीदार म्हणून माझं नाव पुकारलं.

मी पदक टेबलावरच राहू दिलं. म्हटलं, "मी अभिनय केला न्हाय. ती माझी आई हाय. उद्या उलटतपासणी मला करू द्या."

"अगं, मनाला काय लावून घेतेस? हा नुसता सराव आहे," मॅडम म्हणाल्या.

सराव त्यांचा. अंग आमचं. मी बॅग भरली आणि निघाले.

घरी आईला सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता तिचे हात थांबले.

"त्यांना कशाला सांगितलंस गं आपलं? मी तुझ्या बापाला पन सांगितलं न्हाय."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती लाजली. तिला उठवणारे कधी लाजले नाहीत आणि माझी आई मान खाली घालून बसली. त्याचं दुःख अजून जात नाही. पदक टाकून आले म्हणून ते कमी झालं नाही.

यंदा मी लॉला प्रवेश घेतलाय. आमच्या आयांची बेअब्रू यापुढे कुणाला सरावाला मिळणार नाही. खऱ्या कोर्टात एखादी बाई रडत उत्तर देत असेल आणि कुणी हसेल, तेव्हा मी त्याला पिंजऱ्यात उभा करीन. प्रश्न मी विचारीन. उत्तर त्याने द्यायचं.